समाजाचे सगळे घटक आणि माझा भाचा

४ फेब्रुवारी, सकाळ
जाहिरातींना रामराम. आजपासून मी सिनेमा दिग्दर्शक. विषय: भरकटलेली तरुणाई. समाजाचे सगळे घटक पडद्यावर दिसले पाहिजेत, एकही सुटता कामा नये.
कॉलेजला दांड्या मारते म्हणून कन्येला दोन शब्द सुनावले, तेव्हापासून तिने अबोला धरलाय. घर खायला उठतं. सिनेमा बघेल तेव्हा कळेल तिला, बाप तरुणांना किती ओळखतो ते.

६ फेब्रुवारी
पात्रं पक्की. वस्तीतला चोर. एक सावळा, रागीट. एक खेडवळ, विनोदासाठी. एक व्हीलचेअरवरची मुलगी. तिने फक्त हसायचं, मग हिरोला उमेद येते. हिरो माझा भाचा. त्याला दुःख कसलं, ते ठरायचंय. बायको म्हणाली, एसी बंद पडला की होतं त्याला दुःख. तिला कलेतलं काडीचं कळत नाही.

११ फेब्रुवारी
खरी वस्तीतली मुलं आणली. अस्सलपणात तडजोड नाही! तर ही सगळी इस्त्रीचे शर्ट घालून, भांग पाडून हजर. कपडेपटवाल्याला सांगून शर्ट चहाच्या पाण्यात बुडवले, कोपरं पॉलिशपेपरने घासली. चोर म्हणाला, दादा, नवीन होता हो. कलेसाठी त्याग लागतो, असं समजावलं. फार भारावला असावा. ओला शर्ट पिळत बसला.

१३ फेब्रुवारी
व्हीलचेअरवाली म्हणते, हसणार नाही, हिरोला फसवणारी मुलगी करते. म्हटलं, तुला वाईट दाखवणं बरं दिसत नाही. तर म्हणे, मग वस्तीतल्या पोराला चोर दाखवणं कसं बरं दिसतं? वेळेअभावी उत्तर दिलं नाही.

१५ फेब्रुवारी
शूटिंगचा पहिला दिवस. एकही घटक आला नाही. भाच्याचे क्लोजअप घेतले. समाज नंतर जोडता येईल.

१९ फेब्रुवारी
ती मुलं म्हणे स्वतःच मोबाइलवर फिल्म करतायत. दिग्दर्शक व्हीलचेअरवाली. आणि मुख्य भूमिकेत आमची कन्या! माझाच प्रभाव, दुसरं काय.
रात्री ती आपणहून बोलली! त्यांना बापाचा आवाज हवाय. बाप दिसत नाही, शेजारच्या खोलीतून नुसता बोलत असतो. तयारी काय करू, विचारलं. म्हणाली, काही नको, जसा आहेस तसा ये.

२२ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग झालं. जीव ओतला. तरुणांच्या प्रश्नांवर पदरचे चार उतारेही घातले. मुलं अवाक.

२६ फेब्रुवारी
आमच्या हॉलमध्ये फिल्म बघितली. बापाचा आवाज शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा!
सगळे गेल्यावर पोरीला जाब विचारला. म्हणाली, बाबा, तुझा काढावा लागला. डॉक्टरकाका प्रश्न विचारून थांबतात. तू थांबतच नाहीस, मग मी माझं वाक्य कुठे म्हणू?
फार लागलं मनाला. जेवताना तोंडातून शब्द काढला नाही.
पोरगी ताट घेऊन जवळ सरकली. बाबा, बरं नाहीये का तुला, म्हणाली. आणि कपाळाला हात लावून बघितला.