सुसूत्रीकरणास आमची संमती आहे

शनिवार, १० जुलै

तीर्थरूप मावशी,

नमस्कार. मायना नीट लिहिला आहे, बघून घे. इकडे मी ठीक. तुझ्या गुडघ्याबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणजे तो दुखतोच आहे असं धरून चालते.

फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू आधी "जेवलीस का" विचारतेस, मी "हो" म्हणते, आणि मग दोघी कसं छान चाललंय तेच एकमेकींना सांगत बसतो. कागदावर मला जरा धड बोलता येतं. निदान तसं वाटतं तरी.

तू दोन गोष्टी विचारल्यास. शिंपिणीच्या मुलीने बारावीनंतर मी शिकले तेच, म्हणजे सार्वजनिक धोरण, शिकावं का. आणि शाळेत आलेल्या त्या परिपत्रकाचा तू लावलेला अर्थ बरोबर आहे ना. पहिल्याचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे.

तिला सांग, पहिल्या वर्षी अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र असतं. गणिताला घाबरत असेल तर आताच सावर म्हणावं. मग एखादी गोष्ट करायचं सरकार कसं ठरवतं, कोण ठरवतं, पैसा कुठून येतो, आणि ठरल्यावर ती का होत नाही, हे शिकवतात. शेवटचा भाग सगळ्यात मोठा असतो. आम्हाला एक प्राध्यापिका होत्या, त्यांना आम्ही नुकसानबाई म्हणायचो. कुणीही कुठलीही योजना फळ्यावर मांडली की त्या मागच्या बाकावरून विचारायच्या, "छान. नुकसान कुणाचं? आणि ती माणसं या खोलीत आहेत का?" वर्गात हशा पिकायचा. पुढे पुढे आम्ही कॅन्टीनमध्येही एकमेकांना तेच विचारायचो, शेवटची बिस्किटं उचलताना. त्या ऐकून हसायच्या नाहीत. वर्गाबाहेरही त्यांना ते तितकंच खरं वाटत असावं.

आता शिंपीणबाईंना जे खरं विचारायचं आहे ते, म्हणजे नोकरी. नोकऱ्या लागतात. माझ्या वर्गातला लंबू एका मंत्र्याची भाषणं लिहितो आणि स्वतः घरी चार वाक्यंही बोलत नाही, असं त्याची बायको सांगते. एक मैत्रीण स्वयंसेवी संस्थेत आहे. गावोगाव फिरते, आल्यावर देणगी देणाऱ्यांसाठी अहवाल लिहिते, आणि म्हणते की फिरण्यापेक्षा लिहिणंच जास्त होतं. दोघं सल्लागार कंपनीत गेले, ते आता चांगले बूट घालतात. एक संशोधन करतो. एकजण स्पर्धा परीक्षेला अजून बसतोय, त्याला मी काही विचारत नाही.

आणि मी. कुणी विचारलं की तू सांगतेस, "आमची भाची सरकारला शहाणपण शिकवते." मावशी, मी शिक्षण खात्याच्या नियोजन कक्षात टिपणं लिहिते. माझी खुर्ची फिरती आहे आणि खिडकीतून वाहनतळ दिसतो. मी लिहिलेलं टिपण साहेब वाचतात, मान डोलावतात, ते वर जातं, आणि खाली येतं तेव्हा त्याला निर्णय म्हणतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला दोन घास जास्त गेले होते. आता काही होत नाही. ते वर जातं, मी दुसरं लिहायला घेते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उद्या लिहिते. जरा डोकं दुखतंय.

रविवार, सकाळ

डोकं दुखत नव्हतं.

काल पत्र मिटून ठेवलं, भांडी घासली, कपाट आवरलं, जुनी मासिकं बांधून ठेवली. तुला माहीत आहे मी कपाट कधी आवरते ते.

तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू लिहितेस, "परिपत्रकातला तो शब्द पाहून जीव सुखावला बघ. पालकांना बोलावून मी फळ्यावर फोड करून दाखवली. सु म्हणजे चांगलं, सूत्र म्हणजे धागा. आता आपली शाळा नीट ओवली जाणार, दुसऱ्या बाई येणार, दोन वर्ग एका खोलीत बसवायची कसरत संपणार. खाली 'सुसूत्रीकरणास आमची संमती आहे' असं छापलं होतं, त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पाथरवटाने तर भरात दोनदा केली. बुधवारी पथक येतंय, त्यांच्या हातात देते. मुलांकडून एक गाणं बसवून घेतलंय."

मावशी, सुसूत्रीकरण म्हणजे शाळा बंद.

तुझी शाळा बंद करून मुलं खाणीपलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायची, असं ठरतंय. तुला पलीकडे कुठेतरी जागा देतील. बाकी जी शाळा आहे, म्हणजे ती खोली, तो फळा, मागची तुझी स्वयंपाकाची जागा जिथे आई गेल्यावर तू मला वाढवलंस, तिला कुलूप लागेल.

तो शब्द माझा आहे. बैठकीत साहेब म्हणाले, "बंद हा शब्द नको. बंद म्हटलं की लोक रस्त्यावर येतात." कुणी म्हणालं विलीनीकरण. साहेब म्हणाले, "पाण्यात मीठ टाकल्यासारखं वाटतं, दुसरं सुचवा." आणि माझ्या तोंडून आलं, सुसूत्रीकरण. मला शोधावंही लागलं नाही. माझ्या प्रत्येक निबंधाखाली तू लाल शाईने लिहायचीस, "विचार चांगले, लेखन सुसूत्र करावे." साहेब म्हणाले, "वा, याला म्हणतात शिक्षण!" सगळ्यांना चहा आला.

तेव्हा तुझी शाळा त्यात असेल हे माहीत नव्हतं. ते दोन-तीन आठवड्यांपूर्वी कळलं. भिंतीवर नकाशा लावला होता, चालू राहणाऱ्या शाळांचे ठिपके हिरवे, दुसरे करडे. तुझा ठिपका मी लगेच ओळखला, नदीच्या वळणाशी. करडा होता. मला वाटलं आता छातीत धस्स होईल. मी थांबले, वाट पाहिली. काही झालं नाही. दात काढायच्या आधी सुई देतात ना, मग गाल हाताला लागतो पण आपला वाटत नाही, तशी मी बसून होते. पुढच्या ठिपक्याची चर्चा सुरू झाली आणि मी त्याची नोंद घेतली. नुकसानबाईंचा प्रश्न आठवला. नुकसान होणाऱ्यांपैकी खोलीत एक जण होतं, आणि ते वही-पेन घेऊन बसलं होतं.

बैठकीनंतर साहेबांना सांगितलं, "सर, ही माझ्या मावशीची शाळा आहे. मी तिथेच शिकले." मला वाटलं ते मला या कामातून बाजूला करतील. ते म्हणाले, "उत्तम! मग पथकाबरोबर तुम्हीच जा. ओळखीचं माणूस दिसलं की गडबड होत नाही." मी "बरं सर" म्हटलं.

तेव्हा बुधवारी येणारं पथक म्हणजे मी. गाडीचा चालक आणि एक कारकून सोबत असतील.

रडू येईल म्हणून मी कालपासून वाट बघते आहे. येत नाही. तुला राग आला तर ये, दोन थोबाडीत दे, कदाचित सुई उतरेल. पण ते नंतर. आधी सांगते ते नीट ऐक, कारण हे सांगणं माझ्या नोकरीत बसत नाही आणि मला पुन्हा धीर होईल की नाही ते ठाऊक नाही.

हे पत्र आजच्या मुक्कामी एसटीने पाठवते, उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल. तो सह्यांचा कागद देऊ नकोस. फाडून टाक किंवा चुलीत घाल. तो माझ्या हातात आला की मला तो फायलीला लावावाच लागेल, आणि एकदा लावला की संपलं. गप्प बसलीस तरी संमतीच धरतात. पालकांनी लेखी हरकत घ्यायला हवी, आणि तीही बुधवारीच.

हरकतीत रडगाणं नको. शाळेवर आमचं प्रेम आहे, असं लिहिलं तर साहेब एका ओळीत निकाली काढतील. रस्त्याचं लिहा. आम्ही नकाशावर अंतर सरळ रेषेत मोजतो, मुलांना पंख असल्यासारखं. नकाशात मोठी शाळा अगदी जवळ आहे. मध्ये खाण आहे, दगडाच्या ट्रकांचा रस्ता आहे, आणि तो ओलांडूनच जावं लागतं, हे नकाशाला कळत नाही. वाटेत अवजड वाहनांचा रस्ता आडवा येत असेल तर शाळा यादीतून वगळता येते, असं कलम नियमातच आहे. ते कुणी वाचत नाही. मी वाचलंय, माझ्या शिक्षणाचा इतका उपयोग झाला म्हण. पाथरवट खाणीवरच कामाला आहे, ट्रक केव्हा आणि कसे धावतात ते त्याच्याकडून लिहून घे. या खेपेला त्याला एकदाच सही करायला सांग.

मसुदा शिंपिणीच्या मुलीला करू दे. तिने हे शिकावं का, याचं माझं उत्तर असं, की बुधवारी तिला शाळेत बसव. एक बाई गाडीतून उतरेल, नीट बोलेल, कुणालाही दुखावणार नाही, आणि शाळा बंद करायला आलेली असेल. ते पाहूनही तिला शिकावंसं वाटलं तर तिने शिकावं. आमच्या बैठकीच्या खोलीत तिच्यासारखी माणसं कमी आहेत.

गाणं राहू दे. मुलांनी बसवलंय तर म्हणू दे, पण आधी हरकत, मग गाणं.

आणि मावशी, एक विनंती. बुधवारी मी उतरले की धावत येऊ नकोस. सगळ्यांसमोर मला सुतळी म्हणू नकोस. वाळलीस किती, असंही म्हणू नकोस. मला मॅडम म्हण आणि हरकतीचा कागद हातात दे. तू सुतळी म्हणालीस तर माझा हात पुढे येणार नाही, आणि तो यायला हवा. मी तो घेईन, पोच लिहून देईन, गाडीत बसेन. गाडी वळेपर्यंत तू दारातच उभी राहशील, हे मला माहीत आहे. तेवढं मात्र कर.

मसुदा झाला की लाल शाईने तपासून दे. सुसूत्र असू दे.

बुधवार सोडून बाकी सगळे दिवस,
तुझीच
सुतळी