घंटी माझ्या हातात

सोमवार, ३ मार्च
पुन्हा हात थरथरला! चिमट्यातली स्प्रिंग उडाली ती थेट फरशीच्या फटीत. मालक म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत हात स्थिर कर. नाहीतर घड्याळांचे पट्टे बदलत बस." शेजारच्या टेबलावर दादा – डोळ्याला भिंग, ढिम्म. एकाच आईची मुलं आम्ही!

मंगळवार, ४ मार्च
दादा त्याच्या ध्यानाच्या वर्गाला घेऊन गेला. म्हणे हात स्थिर होतात. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स. म्हणाल्या, "घड्याळाच्या दुकानातला ना? मग वेळ तुझ्याकडे. वीस मिनिटं झाली की घंटी वाजव."

शुक्रवार, ७ मार्च
आज क्षणभर सगळं थांबलं. छातीतली धडधडसुद्धा. फार बरं वाटलं – आणि लगेच धास्ती. दादा याहून खोल गेला असेल तर? एक डोळा किलकिला केला. गेलाच होता! कपाळावर एक आठी नाही. माझं जे काही होतं ते तिथेच संपलं.

रविवार, ९ मार्च
लिहू नये, पण लिहितो. सोळाव्या मिनिटालाच घंटी वाजवली. दादाचा तो चेहरा बघवेना. बाई म्हणाल्या, "आज वेळ कसा भुर्रकन गेला!"

बुधवार, १२ मार्च
आज चौदा.

शनिवार, १५ मार्च
जेवताना विचारलं, "दादा, आज किती खोल गेलास?" तो नुसता हसला. वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही ध्यानाला जाता की नवऱ्यावर माझ्या पहारा द्यायला?"
झोंबलं. पण खरं आहे. शांत झालं की मनाला काही कामच उरत नाही. परक्या घरी पाहुणा बसतो तसं अवघडून बसतं. दादाचा हेवा वाटला की कसं – आपलं घर, आपली खाट!

शुक्रवार, २८ मार्च
घंटी वाजवायचीच राहिली! कुणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा बत्तीस मिनिटं झाली होती. हात मांडीवर, दगडासारखे स्थिर. दादा समोर उकिडवा बसलेला. हळूच म्हणाला, "केव्हाचा बघतोय तुझ्याकडे. मी रोज नुसता चेहरा शांत ठेवून बसतो रे. आज तुला बघून जळलो."
माझ्यावर! दादा!
इतका आनंद झाला की हात पुन्हा थरथरायला लागले. सोमवारी मालक बघणार आहेत.