यादीत उरलेला एकच पत्ता

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार (या वेळी खरोखर आडवा पडून, कारण ऑफिसच्या खुर्चीत बसायला मला तोंड राहिलेलं नाही). तुमचा गुडघा जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला असेल. माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचीच लाज वाटते. फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून हा ईमेल.

तुम्ही निवृत्त होताना साहेबांना स्वतःचा शब्द देऊन तुमच्या टेबलावर मला बसवलंत. त्या टेबलाचं काम मी तुम्हाला काय सांगावं, पण मामी हे वाचणारच, म्हणून त्यांच्यासाठी: दुकानदारांच्या वस्तूंचे बोटाने गरागरा फिरवता येणारे फोटो आपण इंटरनेटवरच्या एका कोठारात ठेवतो. कुठल्या वेबसाइटच्या पानांनी ते मागितले तर द्यायचे, याची यादी त्या कोठाराला दिलेली असते. यादीत नसलेल्या पानाला ब्राउझर दारातूनच परत धाडतो. यादी मागवून वाचायची आज्ञा वेगळी, नवी लिहायची वेगळी. तुम्ही दर महिन्याला ती मागवून हिरव्या वहीत हाताने उतरवून ठेवायचात, आणि मी (फाटक्या तोंडाचा) म्हणालो होतो की मामा, कॉम्प्युटरला विसरायचा आजार नसतो.

मंगळवारी आपल्या ऑफिसातली, वस्तूंचे फोटो काढणारी फोटोवाली माझ्या टेबलाशी आली (स्वतःहून, मामा). तिची स्वतःचीही एक छोटी वेबसाइट आहे. म्हणाली, "माझ्या पानावर फोटो दिसत नाहीयेत रे. सावकाश बघ, घाई नाही." आता जी आठ महिन्यांत 'स्टेपलर कुठंय' याखेरीज माझ्याशी बोलली नाही, तिने सावकाश म्हटल्यावर सावकाश कोण बघेल? असलेली यादी आधी मागवून बघावी, हे सुचलंच नाही. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत सर "आधी वाच, मग हात लाव" म्हणाले, तेव्हा मी तिरीमिरीत एप्रन त्यांच्या टेबलावर फेकून कायमचा घरी आलो होतो. एप्रन अजून तिथेच असेल, आणि सरही अजून बरोबरच आहेत. मी सरळ लिहायची आज्ञा सोडली आणि तिच्या वेबसाइटचा पत्ता घातला. मला वाटलं, जुन्या पत्त्यांच्या खाली तोही अंग चोरून बसेल. पण त्या आज्ञेला शेजारधर्म ठाऊक नाही. ती जुनं सगळं पुसते आणि नवं तेवढं ठेवते.

पंधरा मिनिटांत फोन खणखणू लागले. फर्निचरवाल्याच्या खुर्च्या फिरेनात, चष्मेवाल्याच्या फ्रेमा दिसेनात. त्याला मी "तुमचाच कॉम्प्युटर भंगार आहे" असं सुनावलंही (काल त्याच्या दुकानात जाऊन, तीन गिऱ्हाइकांदेखत माफी मागून आलो). शेवटी साहेबांनी सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर बोलावलं आणि यादी मागवली. मामा, भिंतभर पडद्यावर एकच ओळ. अख्ख्या जगात आपल्या कोठारातून फोटो मागायची मुभा फक्त तिला. हिशेबवाल्या मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घालून वाचलं. साहेब शांतपणे म्हणाले, "प्रेमपत्र लिहायला आपल्याकडे कागद संपलेत का?" माझे कान इतके तापले होते की त्यांनी शर्टाला इस्त्री झाली असती.

आता कितीही वेळा मागवलं तरी कोठार तीच एक ओळ पुढे करतं. जुने पत्ते अकरा होते, एवढंच साहेबांना आठवतं. दुकानदारांना विचारून विचारून नऊ जमले, उरलेले दोन कुणालाच सांगता येत नाहीत. सोमवारपर्यंत यादी पूर्ण झाली नाही, तर साहेब मला घरी पाठवणार आणि तुमच्या शब्दाचं काय झालं ते तुम्हाला स्वतः कळवणार. लिहायची परवानगी माझ्याकडून काढून घेतली आहे. मी फक्त वाचायचं.

मामींना नमस्कार. त्यांनी हसू आवरलं तर उपकार होतील.

तुमचा खाली मान घातलेला
भाचा

ता.क. हिरवी वही अजून आहे ना? तिच्या शेवटच्या पानाचा फोटो काढून आजच्या आज पाठवा. कॉम्प्युटरबद्दल जे बोललो ते मागे घेतो.

ता.क. २. ती आत्ताच येऊन सांगून गेली की तिच्या पानावर फोटो दिसत नव्हते, कारण तिने ते कोठारात चढवलेच नव्हते. शिवाय तिचा पत्ता यादीत आधीपासूनच होता (म्हणजे अकरातला दहावा तोच, आता शोधायचा एकच). तुम्ही निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी घातला होतात म्हणे. तुम्हाला धन्यवाद सांगितलेत (मला नाही).

ता.क. ३. साहेबांचा नवा हुकूम: यादी पूर्ण होईपर्यंत तिने माझ्या शेजारी बसायचं. मी वाचायचं, तिने लिहायचं. तेव्हा मामा, वहीचा फोटो वगैरे काढत बसू नका, गुडघ्याला त्रास होईल. पान पोस्टानेच पाठवा. सोमवारी संध्याकाळी पोचलं तरी चालेल.