लग्नाचे गंज, तेरवीचे गंज

आत्याबाई, लोक तुमच्यावर चिडले आहेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या या सुनेचे दात गेले, गुडघे गेले, आणि लोक आत्ता चिडून राहिले. दोष माझ्या सुनेचा. ती कॉलेजात इतिहास शिकवते आणि तिनं तुमच्यावर कादंबरी लिहिली. तुमच्यावर म्हणजे नाव तुमचं नाही, काळही तुमचा नाही. तुम्हाला उचलून भोसल्यांच्या राज्यात नेऊन ठेवलंय. तुम्ही रायपुरात पुरानी बस्तीत लग्नाकार्याला भात शिजवायचे मोठे गंज आणि बाकीची भांडी भाड्यानं द्यायच्या. पुस्तकातली बाई लष्कराच्या तळाला गंज, कढया, पराती भाड्यानं देते, आणि देता देता अशी वाढते की नागपूरपासून रायपूरपर्यंत तिच्या भांड्यांवाचून पंगत बसत नाही. तुम्हाला घोड्यावर बसवलंय बरं का. सायकलरिक्षात चढताना सगळ्या देवांना हाका मारणाऱ्या तुम्ही! मी हसले तर ही म्हणते, "आई, ऐतिहासिक कादंबरी आहे, एवढं चालतं." मला अक्षर येत नाही, म्हणून पुस्तक हिनंच मला वाचून दाखवलं, आणि हे पत्रही हीच लिहून घेते आहे. मी "मले" म्हणते, ही "मला" लिहिते. मास्तरीण आहे, जाऊ द्या.

पुस्तक वाचून लोक हिच्या फोनवर मतं पाठवतात. सासू गेल्यावर तिच्याबद्दल कोण काय बोलतं ते चहासोबत रोज ऐकणारी सून मी एकटीच असेन. एकानं लिहिलं, ऐतिहासिक म्हणवता आणि तलवार एकदाही म्यानातून निघत नाही, नुसता झारा हलतो. एका पोट्ट्यानं लिहिलं, ही तर त्या काळची स्टार्टअप, जबरदस्त! मी विचारलं, हे काय असतं वो? ही म्हणाली, स्वतःच्या डोक्यानं नवा धंदा काढणं. आता बघा, मामंजी त्यालाच थेरं म्हणायचे. सरकारी कचेरीतले कारकून ते. आपल्या गंजांचा ठेला समोरून आला की रस्ता ओलांडून पलीकडून जायचे, जसे काही ते गंज त्यांना हाक मारणार होते. आणि एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ विचारतात, त्या काळात बाईमाणसाला तळावर कोण उभं करेल? तुम्हालाही कोणी उभं केलं नव्हतं. माहेरचा एक गंज होता, तो घेऊन तुम्हीच उभ्या राहिल्या.

पण खरा राग आहे तो दोन खोल्यांवरून, आणि ती गोष्ट सुनेला मीच सांगितली होती, तिनं जशीच्या तशी पुस्तकात घातली. गिऱ्हाईक आलं की आधी हेच विचारायचं, लग्नाची भांडी वेगळी आहेत ना? तेरवीच्या जेवणाला गेलेला गंज लग्नाच्या मांडवात कोणाला चालणार? तुम्ही पदर सारखा करून सांगायच्या, "पुढच्या खोलीत लग्नाची, मागच्या खोलीत तेरवीची. पाहून घ्या." लोक दोन खोल्या बघून खूश. आणि दुपारी गल्ली झोपली की आपण दोघी मागचे गंज पुढं आणायचो. मी नवी नवरी, हातातला चुडा अजून उतरला नव्हता. मी भीत भीत म्हटलं, "आत्याबाई, पाप नाही लागणार?" तुम्ही म्हणाल्या, "लागलं त मले लागन. तू तिकडून धर." मग दम खाऊन वर हेही, "कल्हई केली का भांड्याले मांगचं काही आठवत नाही." सकाळी ठेलेवाला यायचा, तुम्ही सांगायच्या, लग्नाचीच घे बरं, आणि तो आपल्या छत्तीसगढीत "हव, दाई", हो आई, म्हणून कालचीच भांडी चढवायचा. त्याच गंजातला भात खाऊन ब्राह्मणपाऱ्यातल्या किती जोड्यांचे संसार सुखाचे झाले. अभनपुरापर्यंत पसरले आहेत.

आपल्या मराठी लोकांच्या मंडळात पुस्तकावर चर्चा ठेवली होती. मलाही नेलं, पुढं खुर्ची दिली. एक बाई उठल्या, चष्मा कपाळावर, बोलणं एकदम स्वच्छ. म्हणाल्या, "नायिकेला महत्त्वाकांक्षा आहे, पण मन नाही. लोकांच्या शुभकार्यात फसवणूक करते आणि तिला जराही खंत नाही. धंदा सोडून तिचा कशावरच जीव नाही." टाळ्या पडल्या. सून खाली बघत होती. मला राहवलं नाही. मी बसल्या जागेवरूनच विचारलं, "बाई, तुमच्या लग्नाले भांडी कुठून आली होती?" त्या म्हणाल्या, "भाड्यानंच आणली असतील, आजी." मी म्हटलं, "मंग ते लग्नाचीच होती, कशावरून?" आधी कोणी हसेना. मग त्या बाईंचे यजमानच पहिले हसले, आणि मग सगळं दालन. घरी आल्यावर मात्र ही कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्यासमोर बसली.

कारण असं की पुस्तक पुन्हा छापायचं आहे, आणि हिनं त्यात एक नवा भाग लिहिला. या आठवड्यात तो प्रकाशकाकडे जायचा आहे. मला वाचून दाखवला. त्यात म्हणे संध्याकाळी तुम्ही महानदीच्या काठावर जाता, केलेल्या धंद्याबद्दल रडता आणि एकेक गंज पाण्यात सोडून देता. आत्याबाई, मला ठसकाच लागला. एक झारा कमी आला तर ठेलेवाल्याला उन्हात परत पाठवणाऱ्या तुम्ही, आणि गंज बुडवणार? पण हिचा चेहरा पाहून माझं हसू विरलं. ही म्हणाली, "आई, मलाही खोटं वाटतं हे. पण वाचकांना तिचं मन दिसत नाही, मग काय करू? तुम्ही एवढी वर्षं त्यांच्याजवळ राहिल्या. धंद्याच्या पलीकडे त्यांनी कोणावर जीव लावला, असं एक तरी सांगा. नाहीतर नदी जाईल पुस्तकात." मी म्हटलं, विचार करते. आणि दुसऱ्या दिवशी हिला म्हटलं, कागद घे, मला आत्याबाईंना पत्र लिहायचं आहे.

विचार कशाचा करायचा होता? मला पहिल्याच घटकेला आठवलं होतं. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला दिवस राहिले, आणि तुम्ही मला मागच्या खोलीत जायचं बंद केलं. "तू नको येऊ इकडं." मला वाटलं, वजन उचलू नये म्हणून. मग डोहाळजेवण ठरलं, आणि त्या सकाळी तुम्ही एकट्याच रिक्षात बसून बाजारात गेल्या आणि कोरा पितळी गंज घेऊन आल्या. तुम्ही! जन्मभर मोडीतलंच भांडं घेऊन त्याला कल्हई करणाऱ्या! माझे मालक ओट्यावर उभे. म्हणाले, "आई, घरात गंजांचा ढीग आहे अन् तू नवा आणून राहिली? काहून?" तुम्ही म्हणाल्या, "भाव चांगला भेटला. तुले काय करायचं?" खीर तुम्ही स्वतः केली, त्याच गंजात, कोणाला हात लावू दिला नाही. मला वाढताना तुम्ही धुराला शिव्या देत होत्या. मी खीर खाता खाता त्या चकचकीत गंजाकडे पाहत होते. तेव्हा मला कळलं, कल्हईवर तुमचा किती भरवसा होता ते. पोट्टा झाला, बारसं झालं, आणि बारशाच्या दुसऱ्याच दिवशी तो गंज ठेल्यावर चढून भाड्यानं गेला.

इथं हिचा पेन थांबला आहे, आत्याबाई. तो पोट्टा म्हणजे हिचाच नवरा. डोळे पुसून म्हणते, "आई, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही."

"तू कधी विचारलं?"

"हेच तर पाहिजे होतं! नदी काढून टाकते. हे घालू?"

"नदी काढ. हेही घालू नको."

"अहो, मग लोक तिला शिव्याच देतील."

"देऊ दे. लोकांच्या तोंडाले भिऊन त्यायनं ठेला कधी आत घेतला होता?"

"पण काहून नाही घालायचं?" रागावली की ही मास्तरीणही "काहून" म्हणते. मी म्हटलं, पेन उचल, लिही. थोडा वेळ रुसली, पण लिहून राहिली आहे. प्रकाशकाला काय सांगायचं ते तिचं ती पाहील, शहाणी आहे. हे पत्र मात्र कुठं छापायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, हे तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

कारण तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. लिहिणारी तीच आहे, तर ऐकून घेईल. लोक तुम्हाला हावरी म्हणतात, मन नसलेली म्हणतात, तेव्हा मला काही होत नाही. खरं तर चहा थोडा जास्तच गोड लागतो. पण उद्या त्या गंजापायी तुम्ही सगळ्यांनाच आवडायला लागल्या, तर आत्याबाई, मग माझ्या एकटीचं काय राहिलं?