कुंपणाच्या फंडाबाबत माझी शेवटची इच्छा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा कवळ्या बनवणे, राहणार कारखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून नव्हे, तर स्वतःच्या बुद्धीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दातांचा दाखला मागू नये. ते सगळे मीच केलेले आहेत. याआधीची माझी मृत्युपत्रे (एकूण तीन, पैकी दोन रागाच्या भरात केलेली) आजपासून रद्द समजावीत.

कलम १. वरच्या दोन खोल्या, खालचा कारखाना, घासकामाची मोटर, प्लास्टरची भांडी आणि मेण कोरायचे चाकू माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावेत. ती हल्ली संगणकावर दात बनवते आणि माझी हत्यारे पाहून दात काढते. तरी तिने ती विकू नयेत. एकदा वीज गेली की किंमत कळेल.

कलम २. समोरच्या दंतवैद्यांनी माझ्या कवळ्या एकोणीस वर्षे ‘परदेशी बनावटीच्या’ म्हणून तिप्पट भावाने विकल्या. त्यांना त्यांच्याच जबड्याचा साचा द्यावा. मांडणीच्या तिसऱ्या फळीवर आहे. त्यात अक्कलदाढ नाही, हे चार लोकांना दाखवून मग द्यावा.

कलम ३. आता मुख्य मालमत्ता, म्हणजे माझी म्युच्युअल फंडातली युनिट्स. ही कशी आली ते लिहिते, कारण वारसांना वाटते की मी पैसे गादीखाली ठेवते. गादी उसवू नये.

यजमान गेल्यावर बँकेत काउंटरवर बसणाऱ्या एक बाई माझ्याकडे पुढचा दात बसवायला आल्या. साचा घट्ट होईपर्यंत त्यांना बोलता येत नव्हते, तो निघताच म्हणाल्या, “काकू, तुमचे पैसे नुसते पडून आहेत हो.” मग त्यांनी सगळे समजावून सांगितले. माझ्यासारख्या हजारो लोकांचे थोडे थोडे पैसे एकत्र करायचे, एका जाणत्या माणसाने ते पन्नास-साठ कंपन्यांत वाटून ठेवायचे, रोज संध्याकाळी एका युनिटची किंमत जाहीर करायची, आणि त्याची मजुरी म्हणून शेकड्यामागे थोडेसे कापून घ्यायचे. हवे तेव्हा युनिट्स विकावीत, तीन-चार दिवसांत पैसे खात्यात.

“म्हणजे सगळा भार एकाच दातावर द्यायचा नाही,” मी म्हणाले.

“काकू, हे मला परीक्षेच्या अभ्यासात कोणी असं शिकवलं नाही,” त्या म्हणाल्या.

मी महिन्याचा हप्ता बांधला. पाचव्या वर्षी बाजार असा कोसळला की माझे एक तृतीयांश पैसे दिसेनासे झाले. मी रडत फोन केला. बाई म्हणाल्या, “आत्ता विकलंत तर तोटा पक्का. फोन ठेवा आणि दात करा.” मी त्या आठवड्यात नऊ कवळ्या केल्या. सगळ्या थोड्या रागीट दिसत होत्या. बाजार दोन वर्षांनी सावरला.

कलम ४. माझे धाकटे दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणते, पाणीपट्टीच्या खात्यात मीटर वाचत असत. चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांचे आकडे अचूक वाचले. स्वतःचे एकदाच वाचायची वेळ आली, तेव्हा चष्मा घरी राहिला.

निवृत्तीनंतर ते बागेत सकाळी फिरायला जात. तिथे कोणीतरी हेज फंडाचे नाव काढले. भाऊजींनी शब्दकोशात ‘हेज म्हणजे कुंपण’ एवढे वाचले आणि तिथेच त्यांचा अभ्यास संपला.

“वहिनी, कुंपण घातलेला फंड! तोटा आत शिरूच शकत नाही.”

“आणि कुंपणानेच शेत खाल्लं तर?” मी विचारले. ते रुसले.

अशा फंडात पैसे घालायला किमान रक्कम एवढी लागते की ती फक्त गडगंज लोकांकडे असते. भाऊजींकडे नव्हती. म्हणून त्यांनी फिरायला येणाऱ्या अकरा जणांकडून पैसे गोळा केले आणि सगळे स्वतःच्या एकट्याच्या नावाने भरले. हे नियमात बसत नव्हते आणि डोक्यातही बसत नव्हते. सही करायच्या दिवशी मला सोबत नेले, कारण काचेच्या कचेरीत एकट्याने जायची त्यांना भीती वाटत होती.

तिथले साहेब म्हणाले, “बाजार चढला तरी आम्ही कमावतो, पडला तरी कमावतो. जे शेअर पडतील असं वाटतं ते आम्ही उसने घेऊन विकतो आणि पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करतो. शिवाय कर्ज काढून डाव मोठा करतो.”

“आणि पडायच्या ऐवजी चढले तर?”

साहेबांनी फीचा तक्ता पुढे सरकवला. मग म्हणाले, “वर्षाला शेकडा दोन आमची फी, आणि नफ्यातला पाचवा हिस्सा.”

“आणि तोट्यातला पाचवा हिस्सा कोणाचा?”

साहेब एवढे हसले की त्यांची वरची कवळी सुटली. त्यांनी ती हाताने सावरली, पण मी पाहिले. प्लास्टर वाळायच्या आत साचा काढलेला होता. मी भाऊजींना कोपराने ढोसले आणि कुजबुजले, “स्वतःच्या तोंडाचं माप ज्याने नीट घेऊ दिलं नाही, त्याला बारा जणांचे पैसे देऊ नका.” भाऊजींनी सही केली.

हेज फंड मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. पैसे बुडाले तरी ज्याची झोप उडणार नाही आणि जो कराराचे एकोणिसावे पान वाचतो, त्याने खुशाल घालावेत. एकोणिसाव्या पानावर लिहिले होते की दोन वर्षे पैसे काढता येणार नाहीत, आणि त्यानंतरही फंडाला वाटले तर तो दार बंद करू शकतो. दोन वर्षे संपली त्याच महिन्यात फंडाने दार बंद केले.

कलम ५. भाऊजींनी बाग सोडली. ते इस्पितळाच्या गाड्या लावायच्या जागेत, भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळून फिरू लागले. दोनदा पहारेकऱ्याने त्यांना रुग्ण समजून आत नेले. अकरा जण माझ्या कारखान्यात आले. मी वर्षानुवर्षे लोकांची तोंडे उघडी पाहिली आहेत, पण एकदम अकरा कधी नव्हती.

मी माझी निम्मी युनिट्स विकली. चौथ्या दिवशी पैसे आले आणि मी अकरा जणांची पै न पै चुकती केली. एकच अट घातली: भाऊजींना सांगायचे नाही. ते मानी आहेत. त्यांना कळले असते तर ते मफलरसकट दिसेनासे झाले असते. भाऊजींना मी एवढेच सांगितले, “लोक थांबायला तयार आहेत.”

चौदा महिन्यांनी फंडाने दार किलकिले करून शंभरातले बासष्ट परत दिले. भाऊजी तो हिशेब घेऊन घरोघरी गेले आणि त्यांनी प्रत्येकाच्या हातात त्याचा वाटा ठेवला. आणि ज्यांचे सगळे पैसे आधीच मिळाले होते, त्या अकरांपैकी दहा जणांनी ते निमूट घेतले! एका मास्तरीणबाईंनी तेवढे पाकीट आणून माझ्या टेबलावर ठेवले. “वहिनी, एकाच उत्तराला मी दोनदा गुण देत नाही,” त्या म्हणाल्या.

कलम ६. मागच्या महिन्यात माझ्या जाऊबाई कवळी घट्ट करून घ्यायला आल्या. तोंडात कवळी नसल्यामुळे त्या नीट बोलू शकत नव्हत्या, तरी मला कळले. उरलेले अडतीस भाऊजी आजही आपल्या पेन्शनीतून दर महिन्याला त्या दहा जणांना देतात (मास्तरीणबाईंनी ‘माझे फिटले’ असे त्यांना तेव्हाच सांगितले होते). सहा वर्षे. त्यासाठी त्यांनी दुपारचा चहा सोडला आहे.

मी हे भाऊजींना तोंडाने सांगू शकत नाही. ते रडतात, आणि ते रडले की मला नीट रागावता येत नाही. म्हणून लिहीत आहे. भाऊजी, तुम्ही कोणाचेही काही देणे लागत नाही. चहा प्या.

कलम ७. माझ्या उरलेल्या युनिट्सपैकी निम्मी मुलीला आणि निम्मी भाऊजींना मिळावीत. मात्र भाऊजींना ती एकरकमी देऊ नयेत. फंडातून दरमहा ठरावीक रक्कम त्यांच्या खात्यात यावी आणि खात्याचे पुस्तक जाऊबाईंकडे राहावे. मास्तरीणबाईंचे पाकीट मी त्याच वेळी भाऊजींच्या नावाने म्युच्युअल फंडात टाकले होते, ते आता फुगले आहे, तेही त्यांचेच. उरलेल्या दहा जणांना माझ्याकडून काहीही नाही, कारण ते आधीच घेऊन झाले आहे.

वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. साक्षीदाराला मजकूर माहीत असण्याची गरज नसते, असे वकील म्हणाले होते. मी म्हटले, मला गरज आहे.

साक्षीदार पहिल्या: निवृत्त मास्तरीणबाई. सही केली, तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.

साक्षीदार दुसरे: औषधांच्या दुकानाचे मालक, त्या दहांपैकी एक. कलम पाच वाचत असताना यांना ठसका लागला. कलम सहानंतर यांनी पेन खाली ठेवले, खिशातून चेकबुक काढले आणि विचारले, “वहिनी, चेक चालेल का?”

“भाऊजींच्या नावाने काढा. आणि स्वतः नेऊन द्या.”

त्यांनी चेक लिहिला, मग सही केली. सही वाकडी आली आहे, ती त्यांचीच समजावी. जाताना दारात थांबून म्हणाले, “बाकीच्या नऊ जणांचं काय करणार?”

“मृत्युपत्र माणसाला हवं तितक्या वेळा बदलता येतं,” मी म्हणाले, “आणि दर वेळी नवे साक्षीदार लागतात. पुढच्या मंगळवारी त्या नऊ जणांतल्या शिंपीदादांना बोलावलं आहे.”

सही: कवळीवाल्या काकू (सर्वत्र याच नावाने परिचित)
स्थळ: कारखान्यातले लांब टेबल
दिनांक: दहा फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी चार