परतीची परवानगी

ब्रसेल्स, एप्रिल १८५३

प्रिय सिदोनीताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. मी बरा आहे. खोली उबदार आहे, इतिहासाचं लिखाण रोज चालतं. आईला सूप तरी जातं का?

काल आपला लहानपणचा मित्र गास्तों आला होता. आता तो मोठा सरकारी अधिकारी झालाय. म्हणाला, "काउंटसाहेब, बादशहाशी निष्ठेची शपथ लिहून दे आणि उद्याच फ्रान्सला घरी जा. म्हातारीचे फार दिवस नाहीत रे."

"संसदेत निवडून आलेल्या आम्हा लोकांना ज्यानं तुरुंगात टाकलं, देशाबाहेर काढलं, त्याच्याशी निष्ठा?"

"अरे, इतिहास लिही, त्यात राहू नकोस!"

मी नाही म्हटलं. तो गेल्यावर जेवलो, थोडं लिहिलं. रडू आलं नाही, रागही आला नाही.

सफरचंदांना बहर आला का? आईला मात्र एवढंच सांग, की परवानगी मिळाली नाही.

तुम्हा दोघींचा,
तांक्रेद