जपानच्या राक्षसाला शेंदूर

मी, बब्रुवान उत्तरेश्वर गुरव, वय वर्षे पन्नास, धंदा देवळात नगारा वाजवणे, राहणार सोनारी, तालुका परांडा, जिल्हा उस्मानाबाद, स्वखुशीने लिहून ठेवतो की दमा माझ्या छातीत आहे, डोक्यात नाही. मला कुणी धाक घातलेला नाही. घालणारा अजून जन्माला यायचा आहे. लग्न केले नाही, मूलबाळ नाही, म्हणून वाटणीला वेळ लागायचा नाही. खरी अडचण एका मुखवट्याची आहे, ती शेवटी सांगतो.

कलम १. घराचा माझा अर्धा भाग थोरले बंधू नारायणराव ऊर्फ अण्णा यांना द्यावा. मधली भिंत मी रागाने बांधली होती, ती पाडावी. दगड चांगले आहेत, गोठ्याला लावावेत.

कलम २. भैरोबापुढच्या नगाऱ्याची माझी पाळीही अण्णांकडे जावी. अण्णांचा डावा हात घाई करतो. हे मी तीस वर्षे सांगत आलो, आता कागदावर सांगतो.

कलम ३. पलटणीचा लोकरी कोट देवळाचे अंगण झाडणाऱ्या कडूबाईला द्यावा. थंडीत तिला कुणी विचारत नाही.

कलम ४. माझी लाकडी पेटी जाळावी. तीत आता मातीशिवाय काही नाही. का नाही, ते लिहितो.

सन १९४१ साली मी निजामाच्या हद्दीतून बार्शीला पळालो आणि इंग्रजांच्या मराठा पलटणीत भरती झालो. लढाई संपल्यावर आमची पलटण जपानात पहाऱ्याला गेली. हरलेला मुलुख, लोकांच्या पोटात दाणा नाही. गावकऱ्यांत मिसळू नका असा आम्हाला हुकूम होता. भाताची कापणी झाल्यावर एका दुपारी डोंगरातल्या देवळाकडून ढोल ऐकू आला, आणि हुकूम गेला खड्ड्यात! मी गेलो.

देवळाच्या अंगणात सोंग चालले होते. राक्षसाचा लाल मुखवटा, डोळे बटबटीत, दात बाहेर, अंगावर जरीचा झगा. तो गिरकी घेई तेव्हा उपाशी पोरेसुद्धा भूक विसरून बघत. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अहो, हे तर आमच्या यात्रेतलेच सोंग! समुद्रापलीकडे, ज्यांचा एक शब्द मला कळत नाही अशा माणसांत, माझ्या भैरोबाचे अंगण कुणी आणून ठेवले?

ढोलावर मोरिता नावाचा म्हातारा होता. मुखवटेही तोच करी, कागदावर कागद चिकटवून. माझी बोटे मांडीवर चाललेली त्याने पाहिली आणि काठ्या माझ्या हातात दिल्या. मी भैरोबाच्या छबिन्याची चाल धरली. राक्षस थबकला. मला वाटले, चुकलो. मग त्याने पाय आपटला आणि त्याच चालीवर असा नाचला, असा नाचला, की देवाशपथ लिहितो, ढोल मी वाजवत नव्हतो, कुणी तरी माझ्याकडून वाजवून घेत होते. मला रडू आले. मोरिताही रडत होता.

निघताना त्याने मला तसाच एक मुखवटा दिला. आत शाईने काही लिहिले आहे, ते आजवर कुणाला वाचता आले नाही. परत गेल्यावर सात दिवसांची शिक्षा झाली. तिचा मला पश्चात्ताप नाही.

गावी आल्यावर मुखवटा भिंतीवर लावला. सोंगांची रंगीत चित्रे, पंखे, नाचाच्या जाहिराती, जे जे जमवले ते पेटीत ठेवले. रोज काढून बघायचो. लोक हसायचे, "बब्रुवानाला जपान लागलंय!" लागले होते, खरेच.

सन १९५२ च्या यात्रेत मी देवळात गुंतलेलो असताना अण्णांच्या पत्नी, म्हणजे माझ्या सत्यभामा वहिनी, यांनी त्या मुखवट्याला तेल-शेंदूर फासला. वर हळदीकुंकू! कागदाला तेल! मी किंचाळलो, "वहिनी, त्यो देव न्हाय, जपानचा राक्षस हाय!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "असू द्या की, भाऊजी. डोळं तर आपल्या भैरोबाचंच हायती. त्येला असा कोरडा ठेवत्यात व्हय?"

मी मुखवटा त्यांच्यापुढे टाकला. "घ्या तुमचा देव! ह्यो तुमचाच!" तीन जणांनी ऐकले. मग मी भिंत घातली आणि चूल वेगळी केली. त्या दर सणाला ताट पाठवत, मी परत करी. अकरा वर्षे. माझ्यासारखा गाढव पंचक्रोशीत नसेल.

गेल्या श्रावणात दम्याने अंथरुणाला खिळलो. जपान एकदा डोळाभर बघावे म्हणून पेटी उघडली. वाळवी. चित्रे नाहीत, पंखे नाहीत, नुसती माती. मी त्या मातीत हात घालून बसलो. मोरिता मेला असेल, आणि आता मी पाहिले ते सारे खोटेच ठरले, असे वाटले.

मग भिंत धरत धरत वहिनींच्या दारात गेलो. मातीने भरलेले हात पुढे केले. त्यांनी देवघरातून मुखवटा आणला. दर रविवारी शेंदूर लावून लावून बोटभर थर चढला होता. उलटा केला. आत कागद धडधाकट, मोरिताची शाई काळीभोर. वाळवीने तोंडसुद्धा लावले नव्हते. मी तिथेच उंबऱ्यावर बसलो आणि हात जोडले. कुणाला जोडले, ते मला अजून सांगता यायचे नाही.

कलम ५. सदर मुखवटा मी कुणाला देऊ शकत नाही. तीन साक्षीदारांसमक्ष तो मी वहिनींना देऊन बसलो आहे, तो त्यांच्या मालकीचा आहे. म्हणून हे कलम देण्याचे नाही, मागण्याचे आहे. मला नेताना अण्णांनी छबिन्याची चाल वाजवावी, डावा हात आवरून, आणि वहिनींनी मुखवटा दारात धरावा. मोरिताचा राक्षस त्या चालीवर एकदा माझ्यासाठी आला होता. शेंदूर कुणी खरवडू नये. झाल्या अपराधाची मी वहिनींची माफी मागतो.

हे कलम आत्ताच त्यांना वाचून दाखवले. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "धरीन की, भाऊजी. आदी जेवून घ्या, ताट वाढलंय."

सबब येथेच थांबतो. आज ताट परत जाणार नाही.

स्थळ: सोनारी. रविवार, दिनांक १२ एप्रिल १९६४.

सही: बब्रुवान उत्तरेश्वर गुरव

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. विरुपाक्ष कल्याणप्पा स्वामी, शाळामास्तर
२. हणमंतप्पा तेली (निशाणी अंगठा). अकरा वर्षे त्या शेंदराला तेल माझ्याच घाण्याचे.